पाच ते सूर्यास्त



‘मुले खेळतच नाहीत’ ही तक्रार आर्णीतील व्यापारी घरांतून आता नित्याची झाली आहे. सारा दोष मोबाइलच्या माथी मारला जातो. मोबाइल दोषी आहेच. परंतु मुलाच्या दिवसात खेळाला जागा किती उरते, हेही घड्याळ समोर ठेवून एकदा पाहावयास हवे.

शाळा पाचच्या सुमारास सुटते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथील मूल दप्तर ठेवते ते थेट पानावर बसते. त्यानंतर शिकवणी, आणि शिकवणीहून परतेपर्यंत अंधार. वडील रात्रीपर्यंत दुकानात, आई घरकामात. नागपूर-तुळजापूर महामार्गाची वाहतूक पाहून आजी नातवाला एकटे सोडण्यास धजावत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तर पावसाळ्यात ओल्या गवतावरील जीवांची विराधना मनाला खुपते. यांपैकी एकही अडचण आळसातून उपजलेली नाही.

मुलींच्या वाटेत आणखी एक भिंत असते. ‘आता मोठी झालीस’ या तीन शब्दांनी तिची दोरी आणि सायकल कायमची अडगळीत जाते. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी सुमारे ८५ टक्के, तर मुलांपैकी सुमारे ७८ टक्के पुरेशी हालचाल करीत नसल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी.

ही ६० मिनिटे आणावीत कोठून? संध्याकाळ हातची गेली असेल, तर सकाळ आपली आहे. सूर्योदयापासून नवकारसीपर्यंत ४८ मिनिटे असतात. दुकान उघडण्यास तेव्हा अवकाश असतो, रस्ते शांत असतात आणि वडील घरी असतात. या वेळेत मुलाबरोबर भरभर चालावे, गच्चीवर दोरीच्या उड्या माराव्यात. नवकारसीपर्यंत पाणी वर्ज्य असल्याने उन्हाळ्यात मात्र व्यायाम हलका ठेवावा. जोमाचा खेळ पच्चक्खाण पारल्यावर, ऊन तापण्यापूर्वी उरकावा. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो; तेव्हा आधी खेळ, मग जेवण हा क्रम सहज साधतो. मुलींसाठी तीन-चार घरांनी मिळून सोबत ठरवावी. एक आई रोज बरोबर असली, तरी चौघींचा खेळ सुटत नाही. शिकवणीची वेळ बदलून मागण्यासही संकोच नसावा. पालकांनी एकत्र येऊन विनंती केली, तर ती सहसा डावलली जात नाही.

‘खेळून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्यांनी शेजारच्या अमरावतीकडे पाहावे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तेथे उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आपली परंपरा तर चालणाऱ्यांचीच आहे. साधु-साध्वी अनवाणी विहार करतात. पालीताण्याच्या सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आपली आजी चढून आली आहे. तिचा नातू दोन जिन्यांत धापा टाकू लागला, तर त्याच्या नावे आपण कोणती पुंजी जमवीत आहोत?

दुकानाचा जमाखर्च आपण रोज मांडतो. मुलाच्या दिवसाचाही एक आठवडा मांडून पाहावा. खेळाच्या रकान्यात शून्य दिसले, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्याबरोबर स्वतः घराबाहेर पडावे.