आधी पाणी, मग मासा



आपल्याकडची काही पोरं पारावर बसून म्हणत्यात, "दावे-बिवे सोडा. चीनमध्ये माओनं बंदुकीनं जमीन मिळवली, तसंच इथं पाहिजे." आमचा सवाल आहे: चीनची गोष्ट अर्धीच का सांगता?

माओची फौज कमजोर होती. शत्रू चालून आला की मागं सरायचं, थकला की हल्ला करायचा, ही त्यांची गनिमी रीत. पण ती चालली कुणाच्या जिवावर? माओच सांगायचा, जनता म्हणजे पाणी आणि लढणारा म्हणजे मासा. शेतकऱ्याची सुईसुद्धा घ्यायची नाही, असा फौजेला दंडक होता. म्हणजे बंदुकीच्या आधी गाव होतं.

आणि पुढं काय झालं? 1949 ला सत्ता आली, जमीन वाटली. 1958 ला तीच जमीन कम्यूनमध्ये गेली. मागून आलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. जमीन वरून मिळाली की वरूनच जाते.

लांब कशाला, आपल्या अकोले तालुक्यातले देवगावचे राघोजी भांगरे बघा. सावकार आणि इंग्रजाविरुद्ध ते उठले. घाटवाटा पायाखालच्या, वाडीवस्तीची भाकर पाठीशी, म्हणून वर्षानुवर्षं सापडले नाहीत. 1848 च्या जानेवारीत पकडले ते पंढरपुरात, आपल्या डोंगरापासून लांब. 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पाणी सुटलं की मासा सापडतो.

राघोजींच्या हातात वनहक्क कायदा नव्हता. आपल्या हातात 2006 पासून आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून हटवता येत नाही, हे त्यात लिहिलंय. ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी 2013 ला ठराव करून बॉक्साइटची खाण रोखली. बंदुकीनं नाही, ठरावानं.

कायदा आपोआप चालत नाही, हे आम्हालाही ठाऊक. दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, नाकारले जातात. पण बंदुकीची भाषा कुणाला पाहिजे? ज्याला आपल्याला नक्षलवादी ठरवून जेलात घालायचंय त्याला! त्याच्या हातात आयतं कोलीत देऊ नका.

तेव्हा पोरांनो, पारावरून उठा. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. दंडाच्या जुन्या पावत्या शोधा. ग्रामसभेला बाया-बापड्यांसकट सगळी वाडी आणा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, अपील करा, मोर्चा काढा.

गाव एक असलं तर बंदूक लागत नाही. गाव फुटलं तर बंदूकही वाचवत नाही.

लढेंगे, जीतेंगे!