दर्या आणि दऱ्या

विंडोजचा लॅपटॉप टाकून आम्ही मॅक घेतला, तेव्हा मालवणातले स्नेही हळहळले, ‘आता मराठीचे काय?’ दशावतारावरची आमची जुनी टिपणे त्यावर उघडली, तो खरोखरच रोमन अक्षरांचा चिखल! पण दोष मॅकचा नव्हे. त्या टिपणांत मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर फाँटने देवनागरीचे सोंग चढवले होते. फाँट गेला, रंग उतरला. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे संकेत आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ तिथे वेगळे राहतात, यंत्र कोणतेही असो. तरीही कित्येक छापखाने जुन्या फाँटांतलाच मजकूर मागतात आणि आम्ही लिहिणारे तो निमूट देतो. याला विंडोजनिष्ठा म्हणणे हा आळसाचा गौरव झाला. तूर्त आम्ही रूपांतरकाने सांडलेले रफार वेचत बसलो आहोत.