गाण्यात एमए करताय? आधी हे बघा

'गाण्यात एमए? मग पुढे काय?' घरून हा प्रश्न आला की राग येतो. पण प्रश्न चुकीचा नाहीये.

पदवीचा उपयोग आधी समजून घ्या. कॉलेजात संगीत शिकवायचं, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार एमएला किमान ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. दुसरी वाटही आहे: संगीतातली पदवी, नामवंत गुरूंची तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनची 'ए' श्रेणी. ती मिळवायला किती वर्षं घासावं लागतं, हे तुमच्या गुरुजींनाच विचारा!

मैफलीत मात्र मार्कशीट कुणी मागत नाही. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी १९७७ पासून गुरु-शिष्य पद्धतीने कलाकार घडवतेय. तिथे महत्त्व तालमीला.

आता नव्या शैक्षणिक धोरणाची भर. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एकाच वर्षाचं. एकूण वर्षं पाचच. फरक पडतो तो चौथं वर्ष कुठे घालवता याने. तुमच्या कॉलेजात संगीत शिकवायला एकच शिक्षक असेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडून विद्यापीठाच्या संगीत विभागात पूर्ण दोन वर्षं काढणं जास्त फायद्याचं.

अॅडमिशनआधी तिथल्या सीनियर्सना तीन गोष्टी विचारा: प्रात्यक्षिकाला मार्क किती? आठवड्याला समोरासमोर तालीम किती तास? साथीला तबलजी रोज असतो का?

उत्तरं गोलमोल आली, तर फी भरायची घाई करू नका.