कॅरेक्टर मेलं तरी मूल खेळात हवं

सुट्टी लागल्यापासून पालक एकच प्रश्न विचारताहेत: प्रत्येक मूल एक कॅरेक्टर होऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेतं, अशा गोष्टीच्या खेळांत मुलांचं कॅरेक्टर मरू द्यायचं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. फक्त नियम पहिला फासा पडण्याआधी ठरलेला हवा आणि तो मुलांनी ठरवलेला हवा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सर्वांत जुना खेळ, १९७४चा. त्याच्या २०१४च्या नियमांत एचपी, म्हणजे जिवाचे गुण, शून्य झाले तरी कॅरेक्टर सहसा लगेच मरत नाही. आपली पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर यश. तीन यशं आधी आली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी आली तर खेळ खलास. सिडकोतल्या एका घरी नऊ वर्षांच्या मुलीचं तिरंदाज कॅरेक्टर असंच पडलं, देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत. किल्ला सगळ्या मुलांनी बघितलेला, त्यामुळे तो काळोख त्यांना खराच वाटत होता. दोन अपयशं झाली होती, तिसरा फासा चारवर थांबला. खेळ चालवणारा दादा कळवळून म्हणाला, ‘‘हा धरायचा नाही, परत टाक.’’ मुलीनं कागद मिटला. ‘‘म्हणजे सगळं खोटंच ना?’’

दादाचा हेतू चांगला होता, पण मुलांना आपल्याला कच्चा लिंबू केलेलं बरोबर कळतं आणि ते मरण्यापेक्षा जास्त लागतं.

मेलेल्याचं काय करायचं, हे कोडं आपल्या हुतूतूनं केव्हाच सोडवलंय. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होतो. अमर प्रकारात गडी मैदान सोडतच नाही, समोरच्यांना गुण मात्र मिळतो. आणि एका प्रकारात मेला तो अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. तिन्ही नियम आधी ठरलेले, म्हणून कुणी रडीचा डाव म्हणत नाही.

लहानग्यांना मी अमरच सुचवेन. ‘टेल्स फ्रॉम द लूप’ या स्वीडिश खेळात मुलांची कॅरेक्टर मरतच नाहीत, तरी भीती पुरेपूर असते. आपल्या खेळातही मरणाऐवजी धनुष्य हरवू दे, कैद होऊ दे, मित्र मागे राहू दे. थोड्या मोठ्यांना संजीवनी द्या: सवंगडी औषध शोधायला निघतील. तोवर पडलेल्या मुलाला किल्ल्याचा पहारेकरी करा, वटवाघूळ करा, काहीही करा, पण मोबाईल हातात देऊन कोपऱ्यात बसवू नका. तासभर नुसतं बघत बसणं हीच त्याच्यासाठी खरी शिक्षा. मोठी मुलं आरपार, म्हणजे तिसऱ्या प्रकारानं खेळायचं म्हणाली तर खेळू द्या, मात्र आपलं कॅरेक्टर शेवटी काय बोललं हे त्या मुलालाच सांगू द्या.

कुणाच्या घरी नुकतंच आजी-आजोबा गेले असतील, तर पालकांशी आधी बोलून घ्या आणि त्या दिवशी कारण न सांगता अख्ख्या टेबलाला अमर ठेवा.

येत्या रविवारी टेबल लावणार असाल, तर फासे काढण्याआधी हे तीन नियम मुलांपुढे ठेवा, हात वर करून ठरवू द्या आणि ठरलेलं मध्येच फिरवू नका.