पेढे वाटून झाले, आता पुढे काय?

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला, की दोन दिवस घर कसं पेढ्यांनी गोड होऊन जातं. तिसऱ्या दिवशी मात्र चहाबरोबर एकच प्रश्न समोर येतो, "आता पुढे काय?" आणि गंमत अशी, की जिला पुढे शिकायचं असतं ती सोडून बाकी सगळेच त्याचं उत्तर देतात!

आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे अस्संच झालं. पुतणीला ८६ टक्के मिळाले. पोर म्हणाली, "मी कॉमर्सला जाणार." झालं! "एवढे मार्क पडून कॉमर्स? लोक काय म्हणतील?" जाऊबाईंनी अबोलाच धरला. भावजींचं किराणा दुकान आहे. सातवीपासून ही मुलगी संध्याकाळी त्यांच्या वहीचा हिशेब जुळवून देते. पण तिची हुशारी कुणी मोजायलाच तयार नाही. पोर दोन दिवस धड जेवली नाही.

मी पापड लाटायचं निमित्त करून गेले. लाटता लाटता जाऊबाई एकदम म्हणाल्या, "मला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं गं. वडिलांनी फॉर्मवर सहीच केली नाही. निदान हिनं तरी डॉक्टर व्हावं." माझ्या हातातलं लाटणं थांबलं. रागावणार कुणावर? पण मी एवढंच म्हटलं, "वहिनी, तेव्हा तुमच्या मनातलं कुणी विचारलं नाही. आता हिच्या मनातलं आपण विचारतोय का?"

आणि मी तरी काय केलं होतं? कॉलेज सकाळचं आणि घराजवळ, म्हणून बी.ए. केलं. पुढे काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. आज शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. कायम व्हायचं तर बी.एड. हवं, हे ध्यानात आलं तेव्हा कडेवर मूल होतं. बी.ए. वाईट नव्हे हो! न विचारता घेतलेलं शिक्षण वाईट.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. टी.व्ही. बंद, पाहुणे नकोत. कागद-पेन्सिल मुलीच्या हाती द्या आणि या गोष्टी तिलाच लिहू द्या.

पहिली गोष्ट, कोणतं काम करताना तिला वेळेचं भान राहत नाही? कोणता विषय चांगल्या बाईंमुळे आवडतो आणि कोणता मुळातच आवडतो, हेही पाहावं. बाई बदलतात, विषय राहतो.

दुसरी गोष्ट, कुठल्या वाटेनं कोणतं दार बंद होतं? सायन्स घेतलेल्या मुलीला पुढे कॉमर्स किंवा आर्ट्सकडे वळता येतं. उलटं वळणं फार अवघड. सायन्समध्येही जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टरकीची आणि गणित सोडलं तर इंजिनिअरिंगची बहुतेक दारं मिटतात. कॉमर्समध्ये गणित सोडायची मुभा असते, पण मग संख्याशास्त्राची आणि अर्थशास्त्राच्या काही अभ्यासक्रमांची वाट बंद होते. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम मात्र बारावीनंतर कोणत्याही शाखेतून करता येतो. हाताला यंत्रं, नकाशे आवडत असतील, तर दहावीनंतरच तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. तो झाला, की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

तिसरी गोष्ट, किती वर्षं आणि किती पैसे? सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर देता येते. तिथली आर्टिकलशिप २०२३च्या नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली. बी.बी.ए., बी.सी.ए.ला आपल्याकडे २०२४पासून सी.ई.टी. आली. फीच्या भीतीनं मुलीचं नाव मागे घेण्याआधी हेही ऐका. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासनानं २०२४मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, आणि वसतिगृहाचा, पुस्तकांचा खर्च आपला आपल्यालाच. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐन वेळी धावपळ नको.

चौथी गोष्ट फॉर्मची. २०२५पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून पहिला क्रमांक भिडेखातर भरू नका. तिथे जायला बस किती वाजता, परतायला अंधार होतो का, हेही आधी पाहा.

तुम्हाला कमला सोहोनी ठाऊक असतील, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली. त्यांचं दार परक्यांनी अडवलं होतं. आपल्या लेकींची दारं आपणच मायेपोटी अडवतो, नाही का?

आमच्या घरी काय झालं ते सांगते. कागद भरून झाला. पुतणीनं कॉमर्सच घेतलं, पण जाऊबाईंची एक अट मानून: गणित सोडायचं नाही. अट रास्त होती, पोरीलाही पटली. जाऊबाई अगदी खूश आहेत असं नाही म्हणणार मी. पण परवा त्या दुकानात कुणाला तरी सांगत होत्या, "आमची सी.ए. करणार आहे हो." आवाजात थोडं दुःख होतं, थोडा ताठाही होता. एवढं पुरे.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं आपण म्हणतो. फक्त ते मन मुलीचं असावं. बघा, पटतंय का!