कडक स्प्रिंग म्हणजे चांगली गाडी नव्हे



माझा भाचा इथे मिशिगनमध्येच शिकतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनी जपानी सेडान घेतली. उन्हाळ्यात नोकरी करून जे पैसे साठवले त्यातून त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर कडक आणि आखूड स्प्रिंगा बसवून गाडी दीड इंच खाली आणली. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. "मामा, आता बघ, कशी रस्त्याला चिकटून पळते!"

ऑक्टोबरच्या पावसात, हायवेवर चढायच्या वळणावर, पुलाच्या सांध्यावरून जाताना मागची चाकं सुटली आणि गाडी गोल फिरून गवतात गेली. देवाच्या कृपेने कोणाला काही झालं नाही. तो म्हणतो रस्ता निसरडा होता. मी म्हणतो, त्याच रस्त्याने बाकीच्या गाड्याही जात होत्या की!

मी गेली वीस वर्षं सस्पेन्शनच्या कामात आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. आपल्यापैकी अनेकांची मुलं आता गाडी चालवण्याच्या वयाची आहेत, आणि "कडक म्हणजे चांगली" हा समज फक्त मुलांचाच आहे असंही नाही.

आधी स्प्रिंग रेट म्हणजे काय ते बघू. 200 पौंड वजन ठेवल्यावर स्प्रिंग 1 इंच दबली, तर तिचा रेट 200 पौंड प्रति इंच. रॉबर्ट हूकने 1678 साली छापलेला नियम तो हाच, आपण शाळेत घोकलेला. स्प्रिंग कडक केली की वळणावर गाडी कमी कलते, हे खरं. चालवणाऱ्याला वाटतं की पकड वाढली. इथेच फसगत होते.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार हे मुख्यतः गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळण किती जोरात घेतलं यावर ठरतं. स्प्रिंगा बदलून हा हिशेब फारसा बदलत नाही. बदलते ती वाटणी, म्हणजे पुढच्या जोडीने किती सोसायचं आणि मागच्या जोडीने किती. आता टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे ज्या बाजूची स्प्रिंग जास्त कडक, त्या जोडीची पकड आधी संपते. पुढची कडक केली तर गाडी वळणाबाहेर सरळ जायला बघते, मागची केली तर शेपूट फिरवते.

भाच्याच्या गाडीत आणखी एक घोळ होता. गाडी खाली आणल्यामुळे चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. मी नंतर खाली वाकून पाहिलं, तर मागचे बंप स्टॉप, म्हणजे शेवटी टेकायचे ते रबरी ठोकळे, चुरून गेले होते. वळणात आधीच दबलेलं बाहेरचं चाक सांध्यावर ठोकळ्याला टेकलं, की त्या क्षणापुरती स्प्रिंग कितीतरी पट कडक होते. मग ओल्या रस्त्यावर मागची चाकं टिकणार कशी?

त्यात शॉक जुने. दबलेली स्प्रिंग उसळते, तिला आवरायचं काम शॉकचं. स्प्रिंग 1.44 पट कडक केली तर तितकंच आवरायला शॉकही 1.2 पट ताकदीचा लागतो. इथे तर तो मूळच्या स्प्रिंगलाही पुरत नव्हता.

आपली एसटी आठवते ना? रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर बसलं की प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला! तीच गाडी खच्चून भरली की कशी संथ चालायची. कमानपाटे तेच, पण ते भरलेल्या गाडीच्या हिशेबाने केलेले. स्प्रिंग मुळात कडक किंवा मऊ नसतेच, ती त्या वजनाला आणि त्या रस्त्याला योग्य किंवा अयोग्य असते.

रेसच्या गाड्या कडक असतात कारण त्यांचा ट्रॅक गुळगुळीत असतो आणि वाऱ्याच्या दाबाखाली त्यांना उंची राखायची असते. आपल्याकडे हिवाळ्यात पाणी गोठून-वितळून रस्त्याची चाळण होते. इथे चाक खड्ड्यात उतरून पुन्हा वर यायला हवं. हवेतल्या टायरची पकड शून्य. 1962 च्या लोटस एलानचं वळणावरचं वागणं आजही नावाजलं जातं, पण तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. वजन कमी आणि शॉक नेमके, यावर कॉलिन चॅपमनचा भर होता.

कोणी म्हणेल, जर्मन गाड्या कडकच असतात, तरी छान चालतात. मान्य. पण तिथे स्प्रिंग, शॉक, बुश, टायर सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. एकच वस्तू बदलून तो मेळ येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसे घालायचेच तर आधी चांगले टायर, मग शॉक, मग अलाइनमेंट. स्प्रिंगा सगळ्यात शेवटी, आणि त्याही शॉकसकट जुळवलेल्या संचातच. स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी खाली आणणं तर कधीच नको.

भाच्याच्या मूळच्या स्प्रिंगा माझ्या गॅरेजमध्ये खोक्यात पडून आहेत. मी त्याला सांगितलंय, त्या परत बसव, नव्या शॉकचे अर्धे पैसे माझे. "विचार करतो मामा" म्हणालाय. बर्फ पडायच्या आत विचार संपला म्हणजे मिळवली :-)

ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर लिहावं.

कळावे, लोभ असावा.