उलटा बसलेला दांडा आणि कागद नसलेले मिस्त्री

व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम काढले. त्यांचं तेव्हा कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पन्नास वर्षांवरच्या, धंद्याला न वापरलेल्या दुचाकी-चारचाकींना वेगळी नोंदणी, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. मुख्य अट ही की गाडी मूळ रूपात पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. हे मूळ इंजिन चालू ठेवणार कोण? नियमात गाडी आहे, मालक आहे, फी आहे. मिस्त्री कुठंच नाही.

उगाच म्हणत नाही. माझ्या एका मित्राकडे १९५८ ची एमजीए आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. लाखभर बनल्या, त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. मित्राची गाडी थोडी खरडत होती, पण चालत होती. रॅलीच्या आधी नीट करून घ्यावी म्हणून त्याने ती एका मोठ्या शहरातल्या, काचेच्या केबिनवाल्या गॅरेजला दिली. तिथून ती बंद होऊनच परत आली. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फटाका. मग कॉइल नवी, पॉइंट नवे, कन्डेन्सर नवा, प्लग नवे, दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ. पाच महिने गेले. बिल सांगत नाही, मित्राच्या घरचे हे वाचतात.

शेवटी आमच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना दाखवायचं ठरलं. ते काही स्पोर्ट्स कारवाले नाहीत. आयुष्य अ‍ॅम्बॅसडरवर गेलं. पण इथंच मेख आहे. पहिल्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं पेट्रोल इंजिन, दोन्ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज'ची. एमजीएला दोन कार्बोरेटर आहेत, ताकद जास्त आहे, एवढाच काय तो थाट. नेत्यांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला वाहणारं इंजिन तिकडे स्पोर्ट्स कार पळवत होतं, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नाही.

मिस्त्रींनी कॉइलला हातही लावला नाही. टॅपेट कव्हर काढलं, इंजिन हाताने फिरवलं आणि चार नंबरच्या व्हॉल्व्हकडे बघत बसले. "एक नंबर बघायचा नसतोय दादा, चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलाय लागले की एक नंबर फायरिंगला आलाच म्हणून समजा." मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. रोटर एक नंबरच्या वायरीकडे पाहिजे होता. तो बरोबर उलटीकडे, चार नंबरकडे तोंड करून उभा.

आता हे होतं कसं, ते जरा समजून घ्या. पिस्टन चक्रात दोनदा वर येतो, एकदा फायरिंगला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने. खाली इंजिनात एक दांडा असतो, त्याच्या दात्यांना कॅमशाफ्ट फिरवतो आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेत डिस्ट्रिब्युटर बसतो. ही खाच मुद्दाम मध्यापासून सरकवलेली असते, म्हणजे डिस्ट्रिब्युटर एकाच बाजूने बसावा. त्यामुळे प्रत्येक जण छातीठोक सांगतो की इथं चूक होऊच शकत नाही. डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही हे खरं, पण खालचा दांडाच उलटा बसवला असेल तर? कधीकाळी कुणीतरी पिस्टन धूर टाकायच्या वेळी वर असताना तो दांडा आत सोडला होता. गाडी चालू होईना म्हणून प्लगच्या वायरी उलट लावल्या. झाली चालू. कुणाला सांगितलं नाही, कुठं लिहिलं नाही. मग मोठ्या गॅरेजने पुस्तक उघडलं, वायरी पुस्तकाप्रमाणे '१-३-४-२' लावल्या आणि चालती गाडी बंद पाडली. वायरी बरोबर लावल्यावर गाडी बंद का पडली, हा प्रश्न तिथं कुणाला पडला नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

मिस्त्रींना वायरी परत फिरवून दोन मिनिटांत मोकळं होता आलं असतं. मित्र तेच म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. डिस्ट्रिब्युटर आणि त्याचं घर काढलं, दांड्याच्या डोक्यात पाच-सोळांश इंची लांब बोल्ट फिरवून दांडा वर ओढला. पिस्टन फायरिंगला आणून खाच जवळजवळ आडवी धरली, मोठी बाजू वर, आणि सोडला. दात्यात बसताना तो डावीकडे फिरतो आणि खाच घड्याळात एक वाजल्यासारखी उभी राहते. तशी राहिली नाही की परत वर, परत खाली. तिसऱ्यांदा बसला. "पुढचा माणूस पुस्तक घिऊन आला तर त्याची गंमत व्हायला नको," एवढंच म्हणाले. वायरी पुस्तकाप्रमाणे. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू.

जुगाड म्हणून ज्याचं आपण कौतुक करतो, ते निम्म्या वेळा हेच असतं, पुढच्याच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं. मला जुगाडाचा राग नाही, रस्त्यात अडकलं की करावाच लागतो. पण घरी आल्यावर तो काढायचा, नाहीतर कुठंतरी लिहून ठेवायचा.

आणि हे मिस्त्री? वय सत्तरीच्या पुढं, दुकानात एक पोरगा, तोही मोटारसायकलवाला. हातात कसला कागद नाही. अ‍ॅम्बॅसडर २०१४ ला बंद झाली, म्हणजे हे काम शिकायला गाडीच येत नाही. आयटीआयची पोरं स्कॅनर लावायला शिकतात ते बरोबरच आहे, पोट त्यावरच भरणार. पण कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाचं प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. ती या लोकांपर्यंत का नेत नाही? वर्षातले चार दिवस मानधन देऊन त्यांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभं करायला कितीसा खर्च येतो? एक भंगारातलं बी सिरीज इंजिन स्टँडवर ठेवलं तरी पुरे. व्हिंटेज नोंदणीच्या प्रत्येक २०,००० मधले थोडे इकडे वळवा, मालक कुरकुरणार नाहीत. पाच महिने गाडी उभी ठेवण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

पालकमंत्र्यांच्या पुढच्या बैठकीत मी हे लेखी देणार आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात अ‍ॅम्बॅसडर, फियाट, जुन्या जीपवर काम केलेले मिस्त्री तुमच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. त्यांचे फोन नंबर इथं उघड टाकू नका. आधी त्यांना विचारा, शिकवायला यायची तयारी आहे का.